पाहणाऱ्याचे ऋण

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी समाजशास्त्रात पीएच. डी. करीत आहे. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या परिचारिका एकमेकींशी काय बोलतात आणि अडीअडचणीत एकमेकींना कसा आधार देतात, हा तिचा विषय. या परिचारिकांचा फेसबुकवर एक गट आहे. त्याला कुलूप नाही. कोणीही आत जाऊन वाचावे. थकलेला पगार, मालकाने काढून घेतलेला पासपोर्ट, आजीपाशी ठेवून आलेले तान्हे लेकरू, सारे तेथे लिहिलेले असते. दोन वर्षे ही मुलगी ते वाचीत होती व टिपणे काढीत होती. मे महिन्यात ती सुट्टीवर आली, तेव्हा रविवारचा मिस्सा आटोपल्यावर मला भेटली. म्हणाली, "फादर, आमचे सर म्हणतात, जे उघड्यावर आहे ते वाचायला परवानगी कशाला हवी? पण मी वाचते आहे हे त्या बायकांना ठाऊक नाही. त्यांतली एक तर आपल्या शेजारच्या गावची. मी तिला ओळखते, ती मला ओळखत नाही. मी करते आहे ते बरोबर आहे का?"

मी तिला तेव्हा उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मजपाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना चोरी, खोटी साक्ष, चहाडी, विश्वासघात अशी अनेक प्रकरणे आम्ही अभ्यासली. परंतु दुसऱ्याचे उघड्यावरील बोलणे वहीत उतरवून घेणे ही कृती कोणत्या खणात ठेवायची, हे आम्हांस कोणी शिकवले नव्हते. "तू काय काय वाचले आहेस, ते मला दे," एवढेच मी तिला म्हणालो. तिने लेखांचा एक गठ्ठा आणून दिला. तो वाचण्यात माझा पावसाळा गेला.

संगणकाच्या व दूरध्वनीच्या पडद्यावरून माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेस 'सोशल कंप्युटिंग' म्हणतात. या व्यवहारात माणसाचे हक्क कोणते आणि कर्तव्ये कोणती, या विचारास 'डिजिटल नागरिकत्व' असे नाव पडले आहे. नावे नवी असली, तरी प्रश्न तितकासा नवा नाही. त्याची पहिली ठिणगी साठ वर्षांपूर्वीच उडाली होती.

जोसेफ वायझेनबाउम हे बर्लिनमध्ये १९२३ साली जन्मलेले यहुदी गृहस्थ. नाझी राजवटीमुळे कुटुंबासह १९३६ साली त्यांनी अमेरिका गाठली व पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांची तो नक्कल करी. माणसाने वाक्य टंकावे आणि यंत्राने तेच वाक्य उलटवून प्रश्नरूपाने परत द्यावे, इतकाच तो खेळ. त्यामागे समज कसलीही नव्हती. तथापि वायझेनबाउम यांची सचिव, जिने कित्येक महिने त्यांना हा कार्यक्रम रचताना पाहिले होते, ती त्या यंत्राशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले!

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्या शेजारचीच दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. रात्रभरात लोक यंत्राशी जे बोलतात ते सारे साठवून आपल्याला सकाळी वाचता येईल अशी सोय करावी, असे वायझेनबाउम यांनी एकदा सुचवले. लगोलग त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ही तर माणसाच्या अगदी खाजगी विचारांवरची हेरगिरी, असा आरोप झाला. १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग स्वतःच नोंदवला आहे. सोय केली नव्हती, नुसती सुचवली होती. आणि आरोप करणारे त्यांच्याच परिसरातील यंत्र वापरणारे लोक होते. संगणकाची गोडी लागलेल्या त्या पहिल्या पिढीस हे लगेच उमगले होते. पुढच्या पिढ्यांना ते उमगेनासे का झाले, याचा मी बराच विचार केला.

या गठ्ठ्यातील ज्या विद्वानाविषयी माझ्या मनात सर्वांत अधिक आदर निर्माण झाला, ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट. १९९५ साली, इंटरनेट अजून घराघरांत पोहोचले नव्हते तेव्हा, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधील काही कुटुंबांशी करार केला. कुटुंबास संगणक, दूरध्वनीची जोडणी व विनामूल्य इंटरनेट मिळेल. त्या बदल्यात त्यांचा वापर आपोआप नोंदवला जाईल, वेळोवेळी प्रश्नावल्या भराव्या लागतील आणि संशोधक घरी येऊन बोलतील. घेणे काय नि देणे काय, हे दोन्ही बाजूंस माहीत होते. नोंद घेणारा दारातून, सांगून आत आला होता.

१९९८ साली त्यांनी ७३ घरांतील १६९ माणसांविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जे इंटरनेट अधिक वापरीत त्यांचे घरातल्या माणसांशी बोलणे किंचित घटले होते, मित्रपरिवार आक्रसला होता, एकाकीपणा व उदासी वाढली होती. निवेदकांनी त्याला विरोधाभास म्हटले, कारण ही माणसे इंटरनेट वापरीत होती ती मुख्यतः इतरांशी बोलण्यासाठीच. या संशोधनास संगणक-व्यवसायातील कंपन्यांनीही पैसा पुरवला होता. निष्कर्ष त्यांना मानवणारा नव्हता, तरीही तो छापला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर दिली. एका प्राध्यापकाच्या आयुष्यात याहून मोठी प्रसिद्धी ती कोणती? पालकांना, धर्मगुरूंना, शिक्षकांना हवे होते तेच त्यांनी आकडे देऊन सिद्ध केले होते. (आम्ही धर्मगुरू अशा निष्कर्षांवर प्रवचने रचण्यास किती उत्सुक असतो, हे मी अनुभवाने जाणतो.)

टीकाही झाली. तुलनेसाठी इंटरनेट नसलेली कुटुंबे घेतली नव्हती, निवडलेली कुटुंबे एका विशिष्ट थरातील होती, असे आक्षेप आले. प्रसिद्धी पावलेला माणूस सहसा येथे दोन मार्गांनी जातो: आपला निष्कर्ष घट्ट कवटाळून बसतो, नाहीतर मुकाट्याने विषय बदलतो. क्राउट यांनी तिसरा मार्ग धरला. ते पुन्हा त्याच माणसांकडे गेले. २००२ साली त्यांनी त्याच मंडळींपैकी २०८ जणांचा तीन वर्षांनंतरचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि जाहीर केले की पूर्वी आढळलेले वाईट परिणाम बहुतांशी विरून गेले आहेत. सोबतच नव्याने संगणक वा दूरचित्रवाणी संच घेतलेल्या ४०६ जणांचा दुसरा अभ्यास मांडला. त्यात तर एकंदरीत लाभच दिसत होता.

पहिल्या पानावर छापून आलेली गोष्ट दुरुस्त करणारी गोष्ट पहिल्या पानावर कधी येत नाही. आजही पुष्कळ लोक १९९८चा निष्कर्षच उद्धृत करतात. क्राउट यांना हे माहीत नसेल असे नव्हे. तरी त्यांनी दुसरा लेख लिहिला. यालाच मी ऋण म्हणतो. ज्या कुटुंबांनी आपली घरे त्यांच्यापुढे उघडली होती त्यांच्याविषयी जगापुढे एक विधान केले गेले होते: ही माणसे एकाकी झाली. ते विधान खरे राहिले नसेल, तर ते तसेच ठेवणे म्हणजे त्या माणसांविषयी खोटी साक्ष चालू ठेवणे होय.

त्या दुसऱ्या लेखात आणखी एक बारीक गोष्ट होती आणि ती मला अधिक बोचली. जे मुळात मिळूनमिसळून वागणारे होते, ज्यांना आधाराची माणसे होती, त्यांना इंटरनेटने अधिक दिले. जे बुजरे व एकाकी होते त्यांची स्थिती उलट बिघडली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विद्वानांच्या कीर्तीबाबत अशाच प्रकाराचे वर्णन केले होते आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील एका वचनावरून त्याला 'मॅथ्यू परिणाम' असे नाव दिले होते. ते कोणते वचन, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

आता ७३ घरांकडून ६,८९,००३ माणसांकडे येऊ. २०१२ सालच्या जानेवारीत एक आठवडाभर फेसबुकने आपल्या इतक्या वापरकर्त्यांवर एक प्रयोग केला. मित्रांनी लिहिलेला मजकूर ज्या क्रमाने पडद्यावर उतरतो त्यातून काहींच्या बाबतीत आनंदाचे शब्द असलेला, तर काहींच्या बाबतीत दुःखाचे शब्द असलेला मजकूर काही प्रमाणात गाळला गेला. मग ती माणसे स्वतः काय लिहितात ते यंत्राने मोजले. आनंदाचा मजकूर कमी दिसला, तर माणसे स्वतःही थोडे कमी आनंदाचे व थोडे अधिक दुःखाचे शब्द लिहू लागतात, असे आढळले. परिणाम अत्यंत सूक्ष्म होता. फेसबुकमधील एक संशोधक व कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित दोन संशोधक यांच्या नावाने जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला.

त्या पावणेसात लाखांहून अधिक माणसांपैकी एकालाही विचारले नव्हते. सदस्य होताना वापराच्या ज्या अटी प्रत्येकाने न वाचता मान्य केल्या होत्या, त्यांतच संमती आली, असे लेखात म्हटले होते. विद्यापीठाचे म्हणणे असे की प्रयोग कंपनीने स्वतःच्या कामासाठी केला, आमच्या माणसाने प्रत्यक्ष माहिती हाताळली नाही, म्हणून आमच्या नीतिसमितीने तपासण्याचा प्रश्नच आला नाही. कंपनी खाजगी, म्हणून सरकारी नियम तिला लागू नाहीत. विद्यापीठाला नियम लागू, पण हात त्याचे नव्हेत. दोन दारांच्या मध्ये उभे राहून दोन्ही घरांना परके म्हणवून घेण्याचा हा प्रकार! जुलैमध्ये त्या नियतकालिकाच्या संपादकांनी चिंता व्यक्त करणारे निवेदन छापले. फेसबुकच्या संशोधकाने आधीच लिहिले होते की मागे वळून पाहता, या संशोधनाचा लाभ त्यामुळे झालेल्या मनस्तापाच्या तुलनेत कदाचित योग्य ठरत नाही.

परिणाम सूक्ष्म होता, मग बिघडले काय, असा प्रश्न कोणी विचारील. विचारायलाच हवा. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ या चाळीस वर्षांत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. औषध सापडल्यावरही ते त्यांना दिले नाही. रोग कसा वाढत जातो तेवढे पाहत राहिले. हे उघडकीस आल्यावर १९७४ साली कायदा झाला व १९७९ साली 'बेलमॉन्ट अहवाल' प्रसिद्ध झाला. माणसांवरील संशोधनास त्याने तीन कसोट्या घालून दिल्या: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. यांतील पहिली कसोटी दुसरीहून वेगळी ठेवली आहे, हे लक्षात घ्यावे. इजा झाली नाही एवढ्याने आदर राखला गेला असे होत नाही. माझ्या घरात कोणी रात्री शिरला, काही न चोरता, काही न मोडता, फक्त माझ्याकडे झोपेत पाहून निघून गेला, तर माझे काय नुकसान झाले? काहीच नाही. पण सकाळी मला ते कळले तर त्या घरात मला पूर्वीसारखी झोप येणार नाही.

आपल्या मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत प्रयोग ज्याच्यावर केला जातो त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. मला हा शब्द विलक्षण प्रामाणिक वाटतो. प्रयुक्त म्हणजे वापरलेला. नागरिक आणि प्रयुक्त यांत फरक काय? मोसबर्गर, टोलबर्ट व मॅकनील या तीन अमेरिकन विदुषींनी २००७ साली डिजिटल नागरिकत्वावर जो ग्रंथ लिहिला त्यात जो नियमितपणे व परिणामकारक रीतीने इंटरनेट वापरतो तो डिजिटल नागरिक, अशी व्याख्या केली आहे. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांचा आवाज लोकशाहीत मागे पडतो, हे त्यांना दाखवायचे होते आणि ते त्यांनी उत्तम दाखवले. तथापि ही व्याख्या मला अपुरी वाटते. ती ६,८९,००३ माणसे रोज इंटरनेट वापरीत होती. त्या आठवड्यात ती नागरिक होती की प्रयुक्त? 'नको' म्हणण्याची संधीच ज्याला दिली नाही, त्याच्या रोजच्या वापराला नागरिकत्व म्हणावे असे मला वाटत नाही.

तर मग प्रत्येकाला विचारावे, हे सोपे उत्तर झाले. मीही त्या मुलीला तेच सांगणार होतो. इतक्यात गठ्ठ्यातील एका लेखाने मला अडवले. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एमी ब्रुकमन या प्राध्यापिकेने आपली कारकीर्द अशा पडद्यावरील समूहांच्या अभ्यासात घालवली आहे. २००४ साली त्यांनी व जेम्स हडसन या त्यांच्या विद्यार्थ्याने एक लेख प्रसिद्ध केला. गप्पांच्या संगणकीय खोल्यांत जाऊन त्यांनी सांगून पाहिले, की आम्ही संशोधक आहोत आणि तुमचे बोलणे नोंदवीत आहोत. नोंद होत आहे हे कळल्यावर शंभरांतील सुमारे ६३ वेळा त्यांना हाकलून देण्यात आले. 'ज्यांची संमती असेल त्यांनी तसे कळवावे' असे सांगितले, तेव्हा ७६६ जणांपैकी केवळ ४ जणांनी कळवले.

येथे प्रश्न खरा अवघड होतो. विचारले तर संशोधनच उरत नाही. न विचारावे, तर लोकांना जे नको आहे हे आपल्याला आता पक्के माहीत झाले आहे तेच आपण करतो. ब्रुकमन व हडसन यांनी यातून काढलेला अर्थ असा, की संमती मिळवणे जेथे व्यवहारात अशक्य आहे आणि धोका अल्प आहे तेथे नीतिसमितीने संशोधकास त्या अटीतून मोकळीक द्यावी. प्रामाणिक माणसाने काढलेला हा निष्कर्ष आहे आणि त्याची थट्टा करू नये. पण माझे मन तेथे स्थिरावले नाही. चार माणसांनी होकार दिला, याचा अर्थ उरलेल्या ७६२ जणांनी नकार दिला असे नव्हे, हे खरे. कोणी लक्ष दिले नसेल, कोणाला कटकट वाटली असेल. परंतु मौनाला संमती समजण्याची सवय सत्तेला फार सोयीची असते, आणि संशोधक हाही त्या क्षणी एक लहानसा सत्ताधारीच असतो.

"उघड्यावर आहे ते सर्वांचे," हा त्या मार्गदर्शकांचा युक्तिवाद. आपल्या देशाचा कायदाही जवळजवळ तेच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात ज्याची माहिती त्याला 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्य मानले आहे आणि माहिती बाळगणाऱ्याला 'फिड्युशिअरी' म्हणजे विश्वस्त म्हटले आहे. शब्दयोजना मला मनापासून आवडली. पण माणसाने स्वतःच जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि संशोधनासाठीही, काही अटींवर, त्यात सूट ठेवली आहे. म्हणजे त्या मुलीने कायद्याला धक्का लावलेला नाही.

पण उघडे म्हणजे काय? हेलन निसनबाउम या तत्त्वचिंतक विदुषीने २००४ साली व पुढे २०१० साली ग्रंथरूपाने याचे जे उत्तर दिले ते आपल्या खेड्यातील कोणत्याही शहाण्या आजीला पटेल. प्रत्येक गोष्ट ज्या ठिकाणी सांगितली जाते त्या ठिकाणची एक रीत असते. गोष्ट तेथून उचलून रीत मोडणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी नेली, की अपराध घडतो, मग ती मुळात गुप्त असो वा नसो. विहिरीवर बायका बोलतात ते चारचौघींत असते. कोणीही जाता-येता ऐकते. म्हणून ते बोलणे सावकाराच्या वहीत लिहिले जावे असे कोणी म्हणणार नाही. त्या परिचारिका आपल्यासारख्याच परिचारिकांसाठी लिहीत होत्या. दार उघडे होते ते नव्याने येणाऱ्या बहिणीसाठी.

शिवाय विहिरीवरचे बोलणे हवेत विरून जाते, पडद्यावरचे शोधता येते. प्रबंधात एखादे वाक्य जसेच्या तसे अवतरणात घातले, नाव गाळले, तरी तेच वाक्य संगणकात टाकून शोधणाऱ्याला ती बाई सापडते. पासपोर्ट काढून घेणाऱ्या मालकालाही ती सापडेल.

शेजारच्याच गावची बाई, आणि तिला ठाऊक नाही! हे वाचता वाचता मला आमच्याच व्यवसायातील एक जुना नियम आठवला. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणाला सांगू नये, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९८३च्या धर्मसंहितेत लगेच पुढे आणखी एक कलम आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. ऐकलेले उघडे होण्याची मुळीच भीती नसली, तरीही त्या ज्ञानाचा उपयोग त्या माणसाच्या अहितासाठी करण्यास धर्मगुरूला पूर्ण मज्जाव आहे. म्हणजे गुपित राखणे ही एक गोष्ट आणि वापर न करणे ही दुसरी. संशोधक मंडळी नावे गाळतात, गावे बदलतात, आकड्यांत माणसे विरघळवून टाकतात, आणि आपण कर्तव्य केले असे मानतात. त्यांनी पहिली गोष्ट केली. दुसरीचे काय?

दुसरीकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, याचे उदाहरण केंब्रिज विद्यापीठातील मानसशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर कोगन यांचे. त्यांच्या कंपनीने २०१४ साली फेसबुकवर एक प्रश्नावली टाकली. सुमारे २,७०,००० जणांनी ती भरली; पण त्या काळच्या नियमांमुळे या लोकांच्या मित्रांचीही माहिती ओढता येत होती. ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. मार्च २०१८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा ८ कोटी ७० लाखांपर्यंत माणसांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतात अवघ्या ३३५ जणांनी ती प्रश्नावली उघडली होती आणि त्यांच्यामुळे सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय त्या जाळ्यात आले. निवडणुकांवर याचा परिणाम किती झाला हा वाद वेगळा. मला खटकते ते हे, की प्रश्न विचारणारा माणूस विद्यापीठातील होता. डॉक्टर आणि गुरुजी यांना आपण दारात अडवीत नाही. त्या विश्वासावर तो आत आला.

आता दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद, ज्याला मला अजून पुरते उत्तर सापडलेले नाही. कंपन्या आपल्यावर असे प्रयोग रोज करतात: कोणता रंग दाखवला तर माणूस अधिक वेळ थांबतो, कोणती बातमी दिली तर तो अधिक चिडतो. २०१२च्या प्रयोगाविषयी आपल्याला कळले ते केवळ त्या संशोधकांनी तो छापला म्हणून. छापणाऱ्यालाच झोडपले, तर पुढच्याला धडा मिळतो तो एवढाच, की प्रयोग करावा पण छापू नये. विद्यापीठांनी सोवळेपणाने बाहेर उभे राहावे आणि पडद्याआड काय चालले आहे ते फक्त मालकांना कळावे, याने नागरिकांचे भले होईल असे मी म्हणू शकत नाही. त्या परिचारिकांचे हाल कोणी लिहिलेच नाहीत, तर पासपोर्ट काढून घेणारे सुखाने झोपतील. पाहणे थांबवावे असे मी म्हणत नाही. कोणीतरी पाहिलेच पाहिजे.

परंतु पाहण्याच्या नावाखाली माणूस कोठवर जातो, तेही पाहावे. स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाशी संबंधित काही संशोधकांनी २०२४ साली सुरू करून काही महिने, रेडिट या माध्यमावरील वादविवादाच्या एका मोठ्या समूहात कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली १,७०० हून अधिक उत्तरे माणसांच्या नावाने सोडली. यंत्र माणसाचे मत किती बदलू शकते हे त्यांना मोजायचे होते. त्या बनावट माणसांपैकी एकाने आपण बलात्कार भोगलेला असल्याचे सांगितले, दुसऱ्याने आपण समुपदेशक असल्याचे. समोर जिवंत माणसे होती आणि ती मनापासून उत्तरे देत होती. एप्रिल २०२५ मध्ये हे उजेडात आले. विद्यापीठाने प्रमुख संशोधकास ताकीद दिली आणि लेख प्रसिद्ध न करण्याचे ठरले. दुसऱ्याच्या भळभळत्या जखमेचा मुखवटा घालून कोणी आपल्याशी बोलावे आणि आपण त्याचे सांत्वन करावे! वायझेनबाउम २००८ साली वारले. त्यांच्या सचिवेला निदान समोर यंत्र आहे हे ठाऊक होते.

सप्टेंबरमध्ये त्या मुलीला मी बोलावून घेतले व जे वर लिहिले आहे त्यातील बरेचसे तिला सांगितले. अमुकच कर असे सांगितले नाही. चुकलीस असेही म्हणालो नाही, कारण तिला प्रश्न पडला होता आणि तो तिच्या मार्गदर्शकांना पडला नव्हता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी त्यांना लिहिते, फादर. सगळ्यांना."

तिने त्या गटावर आपले नाव, विद्यापीठाचे नाव आणि आपण दोन वर्षे वाचीत आहोत ही गोष्ट लिहून टाकली. दोन दिवस कोणीच काही बोलले नाही. नंतर एकीने खूप राग केला. काही जणींनी होकार कळवला आणि आपण होऊन अधिक हकीकती सांगितल्या, ज्या त्यांनी गटावर कधी लिहिल्या नव्हत्या. शेजारच्या गावच्या त्या बाईने मात्र, माझे काहीही वापरू नकोस, असे दोन ओळींत कळवले. प्रबंधाचे तिसरे प्रकरण जवळजवळ सारे तिच्याच हकीकतीवर उभे होते. मुलीने ते काढून टाकले आहे. मार्गदर्शकांनी प्रकरण अशक्त झाल्याचा शेरा मारला आहे आणि तिने विद्यापीठाकडे सहा महिन्यांची मुदत वाढवून मागितली आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.